पिया घर ऊना

“बोल भाऊ, ऐकी ऱ्हायनू.”

बोल बाबा, ऐकतोय. हे वाक्य चाचा माणसांना कमी आणि आमच्या रेडिओला जास्त म्हणत. मुंबईहून निवेदकाचा आवाज आला, “नमस्कार, श्रोतेहो,” की आमच्या रनाळ्याच्या ओट्यावर खांबाला टेकून बसलेले चाचा डोळे मिटत, उजवा हात छातीशी नेत आणि त्याला परवानगी देत. मग कार्यक्रम सुरू होई. आधी झाला तरी तो सुरू झाला असं आम्ही कोणी धरत नसू.

चाचा पिंजारी होते. खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव हिंडायचे, गाद्या-उशांचा कापूस पिंजायचे. भुवयांत कापूस कायमचा अडकलेला, त्यामुळे केस खरे किती पिकले होते ते कळायचं नाही. काम सुरू करण्याआधी धनुकलीची तात ते दोनदा छेडून बघत आणि सूर मनासारखा लागेपर्यंत कापसाला हात लावत नसत. बायका ओरडायच्या, “चाचा, गादी भरनी शे, गानं नही म्हननं.” चाचा म्हणत, “बेसूर गादीवर झोप नही लागस, माय.” आमच्या घरच्या गाद्यांवर झोप उत्तम लागे, एवढं मी सांगू शकतो. ती सुरामुळे की दिवसभर शाळेतली पोरं हाकून दमल्यामुळे, ते मला माहीत नाही.

मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो. गावात रेडिओ एकच, तो माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा. त्याची तार कडुनिंबावर चढवलेली, आणि बॅटरी उतरली की बैलगाडीत घालून नंदुरबारच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, चार्ज करायला न्यायची. आबांनी रेडिओ घेतला लढाईच्या बातम्यांसाठी. गाणं म्हणजे बॅटरीचा नाश, असं त्यांचं मत. तरी आठवड्यातून एका संध्याकाळी गाण्याचा तो कार्यक्रम असे, त्याला ओटा भरायचा. एखादा गवई पाहुणा म्हणून यायचा, निवेदक त्याच्याशी गप्पा मारायचा आणि मग तिथल्या तिथे गाणं व्हायचं. रेकॉर्ड नव्हे, अगदी जिवंत. गवई खोकला तर आम्हाला ऐकू यायचं. चाचा लगेच म्हणत, “पानी पी ले, भाऊ. आम्हले घाई नही.”

आबा वैतागत. “भो, तो मुंबईमा बठेल शे. त्याले तुन्हं काय ऐकू येस?”

“त्याले नही येस, माले मालूम शे,” चाचा म्हणत. “पन मी वाहवा दिधी का नही, ते मन्हा कानले तं ऐकू येस ना.”

पण गंमत पाहा, त्या संध्याकाळी मी रेडिओचा कान पिळायला गेलो की हेच आबा मला थांबवून विचारत, “ऊना का तो?” चाचा आल्याशिवाय रेडिओ लावायचा नाही, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त दर वेळी विचारायचे.

आता चाचांची खरी भानगड सांगतो. तरुणपणी ते एका फिरत्या नाटक कंपनीत पेटी वाजवायला होते. पुढे कंपनी बुडाली आणि चाचा घरच्या धंद्याला लागले. कंपनीतल्या एका पोराला आपण गाणं शिकवलं, आणि तो आज मुंबईत नामांकित गवई आहे, असं ते सांगत. त्या गवयाचं नाव एवढं मोठं होतं की गावाने या गोष्टीला सरळ फेक ठरवून टाकलं. पारावर कोकीळ ओरडला तरी कोणी ना कोणी म्हणे, “चाचा, हाई बी तूच शिकाडं व्हई.” चाचा हसत. पण पुढच्या खेपेला तीच गोष्ट तेवढ्याच तपशिलाने पुन्हा सांगत, आणि सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत. आपल्याला कोणी खोटं म्हणावं, हे त्यांना लागत होतं. मी ते पाहिलं आहे.

त्या पोराला शिकवलेली चीज ते कापूस पिंजताना गुणगुणत: “दिन ढले मोरे पिया घर ऊना.” मी मास्तर. दिवसभर पाट्यांवरचं ‘ऊना’ खोडून ‘आला’ लिहून द्यायचं, हाच माझा धंदा. मी म्हटलं, “चाचा, तिथे ‘आयो’ असणार. ऊना ही आपली अहिराणी झाली.”

चाचांनी तात थांबवली. “लिखेल ‘आयो’च व्हतं, मास्तर. मन्हा तोंडमा ‘ऊना’ बठनं. आणि बरं बठनं. आयो म्हना तं तो आजून वाटवरच शे. ऊना म्हना तं पाय धोईसन घरमा बठना.”

व्याकरणात याला उत्तर असेल. मला ते सापडलं नाही.

एका आठवड्यात कार्यक्रम संपताना निवेदकाने पुढच्या पाहुण्याचं नाव घेतलं. चाचांचा तोच गवई. ओट्यावरच्या सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. पाहण्यात थोडी दया होती, थोडी मजा. आता खरं-खोटं होणार होतं.

बॅटरी नेमकी शेवटाला आलेली, आणि गाड्या कापसाच्या मोसमात गुंतलेल्या. दुसऱ्या दिवशी मी बातम्यांसाठी रेडिओ लावायला गेलो तर आबांनी हात धरला. “ऱ्हाऊ दे.” मी बघतच राहिलो. लढाई कुठवर आली हे कळल्याशिवाय आबांना जेवण जात नसे. ते म्हणाले, “लडाई काय पळी जास का? एक आठवडा नही ऐकी तं चाली.” आठवडाभर आमचा रेडिओ मुका राहिला, आणि चाचांना फेकाड्या म्हणणाऱ्यांत आबा सगळ्यांच्या पुढे होते, हे इथे नमूद करतो.

त्या संध्याकाळी चाचा काळा कोट घालून आले. कंपनीच्या दिवसांतला असावा, बटणं लागत नव्हती. भुवयांतला कापूसही काढलेला. माझ्या कानाशी म्हणाले, “मन्हं नाव नही लिधं तरी चाली, मास्तर. चीज बराबर म्हनो, बस.”

“नमस्कार, श्रोतेहो,” निवेदक म्हणाला.

“बोल भाऊ, ऐकी ऱ्हायनू.” आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

गप्पा झाल्या, लहानपण झालं, मोठमोठ्या गुरूंची नावं झाली. त्यात चाचा कुठे नव्हते. ओट्यावर कोणी कोणाकडे बघेना. मग गवयाने तंबोरे जुळवले आणि चीज धरली: “दिन ढले मोरे पिया घर ऊना.”

स्पष्ट, ठसठशीत ‘ऊना’. चाचा ताठ झाले.

गाणं संपलं तसा निवेदक भारावून म्हणाला, “काय शब्द आहे! घर ऊना. ऊना म्हणजे उणं. प्रियकरावाचून घराला आलेलं उणेपण.”

आमचा ओटा पोट धरून हसला. आबासुद्धा.

रेडिओतून गवईही हसला. “नाही हो. ऊना म्हणजे आला. खानदेशी बोली आहे ती. आमच्या नाटक कंपनीत तिकडचे एक पेटीवाले होते, पहिलं गाणं मला त्यांनी दिलं. पुढे पुष्कळांनी सांगितलं, शब्द दुरुस्त करून घ्या. मी नाही केला.”

“नाव काय त्यांचं?”

“नावाने त्यांना कोणी हाक मारलीच नाही. शिकवताना डोळे मिटून म्हणायचे, ‘बोल भाऊ, ऐकी ऱ्हायनू.’ कंपनीत तेच त्यांचं नाव पडलं. असतील कुठे, तर ऐकत असतील.”

चाचांचे डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात छातीशी होता.

“ऐकी ऱ्हायनू, बेटा,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबांनी घरातल्या सगळ्या गाद्या उसवून चाचांपुढे टाकल्या. त्यांतल्या निम्म्या गेल्याच महिन्यात भरलेल्या होत्या. माफी मागायची आबांची तीच तऱ्हा. गावही बदललं. जो तो म्हणे, चाचा, कंपनीची गोष्ट सांगा. पण चाचा आता टाळू लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, “आते कोनी खोटं म्हनत नही. मंग सांगामा काय मजा?” बोलणं खोटं होतं. मजा त्यांना चिकार येत होती, भुवयांतून दिसायची.

त्यानंतर दोन-तीन हिवाळे त्यांनी गावाच्या गाद्या सुरात भरल्या. मग एका थंडीत ताप आला आणि चार दिवसांत चाचा गेले.

पुढची कार्यक्रमाची संध्याकाळ आली. ओटा भरला, खांबाजवळची जागा तेवढी सोडून. मी रेडिओकडे हात नेला आणि आबांनी सवयीने विचारलं, “ऊना का तो?”

विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते उपरण्याने तोंड पुसत राहिले आणि मग त्यांनी मला मानेनेच खूण केली. मी कान पिळला.

“नमस्कार, श्रोतेहो,” निवेदक म्हणाला, आणि आमच्या ओट्यावरून त्याला उत्तर गेलं नाही. ऊना म्हणजे उणं, असं याच माणसाने सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे त्याला हसलो होतो.