आधीच सुटणारा बाण

चाळिशी उलटल्यावर मी पहिल्यांदा तिरकमठा हातात घेतला. वसईजवळच्या आचोळ्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यावर आमच्या लॅबने आरोग्य शिबिर घेतलं होतं. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दंडाला पट्टा बांधताना त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला जुना, चकाकणारा घट्टा दिसला. कशाचा म्हणून विचारलं, तर दोरी लागते म्हणाले, लहानपणापासून. शिबिर आटोपल्यावर त्यांनी कुडाला टांगलेला बांबूचा तिरकमठा काढून दाखवला, आणि पेंढा भरलेल्या पोत्यावर चुन्याने काढलेल्या गोलात एक बाणही मारून दाखवला. पुढच्या रविवारी मी स्कूटर काढली आणि परत गेले. नंतर जातच राहिले. मी त्यांना बाबा म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे.

दोन वर्षांत माझा हात चांगला बसला. पंचवीस पावलांवरून दहातले सात बाण गोलात जायचे. लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कण्हण्यात आणि घाईत काढल्यावर ती रविवारची सकाळ मला फार हवीहवीशी वाटायची. वसईला हिवाळ्यात पारंपरिक तिरकमठ्याची स्पर्धा होते, तिथे माझं नाव द्यायचं बाबांनीच सुचवलं. मी नाव दिलं, आणि बहुधा तिथूनच बिघडायला सुरुवात झाली.

आधी बाण नुसते डावीकडे जायला लागले. मग वर. मला वाटलं दोरी सैल पडली असेल, म्हणून ती बदलून घेतली. मग वाटलं बाणांची पिसं झिजलीत. मग उभं राहण्याची पद्धत बदलली, पकड बदलली, मोबाईलवर व्हिडिओ बघून श्वास कधी रोखायचा तेही बदलून पाहिलं. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन बाण नीट जायचे आणि पुन्हा तेच. खरं काय होतंय ते मला हळूहळू कळलं, आणि कळल्यावर जास्त भीती वाटली. दोरी गालापर्यंत यायच्या आधीच माझी बोटं सुटत होती. नजर गोलावर पोचली की बोटं उघडायची. मी सोडत नव्हते. बाण आपोआप जात होता.

हे मी बाबांना सांगितलं नाही. घरीही नाही. सराव कमी पडतोय असं समजून जास्त बाण मारायला लागले. सकाळी चाळीस मारायची, तिथे ऐंशी. बाबा बाजूच्या दगडावर बसून बघत असायचे. एकदा त्यांनी आता पुरे म्हटलं, तर मी ऐकलं नाही.

त्याच सकाळी ते घडलं. पोत्याच्या मागे मातीचा उंच बांध होता आणि त्याच्या पलीकडे त्यांचा वांग्यांचा वाफा. माझी दोरी अर्ध्यावर असतानाच बाण सुटला, पोत्यावरून गेला, बांधावरूनही गेला. पलीकडे कुणी आहे हे मला माहीत नव्हतं. बाबांची बायको, जिला मी मावशी म्हणायचे, तिथे बसून तण काढत होती. मी धावत बांधावर चढले तेव्हा ती उठून उभी राहिली होती. बाण तिच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत रुतला होता. तिने तो उपटला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. मावशी एवढंच म्हणाली, चहा ठेवते.

चहा तसाच ठेवून मी स्कूटर काढली.

मंगळवारी लॅबमध्ये एक निवृत्त शिक्षक उपाशीपोटी साखर तपासायला आले. त्यांची शीर ठसठशीत, हाताला लागणारी. मी सुई लावली आणि शेवटच्या क्षणी हाताला किंचित झटका बसला. शीर चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. चौदा वर्षांत असं माझ्याकडून क्वचितच झालं होतं. त्या सज्जन गृहस्थांनी दुसरा हात पुढे केला. माझ्याऐवजी सहकारी बाईने नमुना घेतला आणि मी मागे जाऊन बेसिनशी उभी राहिले. इतके दिवस जे बोटांत होतं, ते आता सगळ्या हातात पसरणार, मग माझ्या पोटापाण्याचं कामही जाणार, असं मला वाटू लागलं. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, बांधापलीकडचा बाणसुद्धा. तो म्हणाला की कुणाचा जीव जाण्याआधी हे बंद कर. रागाने म्हणाला नाही, म्हणून मला जास्त लागलं.

दोन रविवार मी गेले नाही. तिसऱ्या आठवड्यात बाबा स्वतःच लॅबच्या दारात आले. मावशीच्या रक्ताचा रिपोर्ट न्यायला आलो म्हणाले, पण रिपोर्ट घेतल्यावरही बाकावर बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि एकदाचं सांगितलं, की बोटं माझं ऐकत नाहीत, बाण आधीच सुटतो, आणि आता इथेही हाताला झटका बसला.

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला पन झालं होतं. शेतात डुक्कर घुसले होते, मी घाईनं मारला, तो माझ्याच कुत्र्याला लागला. मग एक पावसाळा माझा बान लागलाच नाय."

मी विचारलं, मग काय केलंत.

"मारायचा बंद केला. ओढायचा बंद नाय केला." मग उठता उठता म्हणाले, "रविवारी ये, बाई. बान मारायला नको येऊ. नुसती ओढायला ये."

मी गेले. त्या दिवशी बाबांनी मला बाण दिलाच नाही. दोरी गालापर्यंत ओढायची, थांबायचं आणि सावकाश परत जागेवर आणायची, म्हणजे उतरवायची, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. मला ते जमत नव्हतं. दोरीवर बाण नसतानाही गालाशी पोचल्यावर बोटं उघडायला धडपडायची आणि पाठीतून घाम फुटायचा. बाबा मागे उभे राहायचे आणि खांद्याला हात लावला की उतरवायचं, असं ठरलं होतं. कधी लगेच लावायचे, कधी इतका वेळ लावायचे नाहीत की दंड थरथरायला लागायचा.

तीन आठवड्यांनी त्यांनी बाण दिला, पण तो लावून ओढायचा आणि तसाच उतरवायचा. मग पोत्यापासून तीन पावलांवर उभं केलं. पोत्यावरचा चुना मावशीने पुसून टाकला होता. समोर नुसता पेंढा, चुकण्यासारखं काहीच नाही. तिथे मी दिवसभर मारले तरी चाललं असतं, पण ते मला दहाच मारू द्यायचे, आणि त्यातलेही चार उतरवायला लावायचे. कुठले चार, ते आधी सांगायचे नाहीत. मारण्याआधी मी बांधावर चढून पलीकडे बघून यायचे. मावशी घरात दिसली तरी एकदा हाक मारायचे.

स्पर्धेला तीन आठवडे राहिले तेव्हा मी पहिल्यांदा पंचवीस पावलांवर परतले. दहातले तीन लागले. लॅबमध्ये हाताला पुन्हा झटका बसला नाही, पण प्रत्येक वेळी सुई लावताना मी मनात वाट बघायचे, आता होईल म्हणून. माझी अर्धी ताकद त्या वाट बघण्यातच जात होती.

नाव मागे घ्यावं का, असं मी बाबांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले की तू ठरव. नवरा म्हणाला की जायचं तर मी बरोबर येतो, आणि तो आला.

वसईच्या मैदानावर सहा बाण मारायचे होते आणि वेळ ठरलेली होती. पहिला पोत्याच्या कडेला लागला. दुसरा गोलात. तिसरा ओढताना गालाच्या अलीकडेच बोटं उघडतायत असं वाटलं, आणि मी दोरी उतरवली. मागून कुणीतरी कुजबुजलं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच, पुन्हा उतरवली. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा दोरी गालाला टेकली, मी तिथे थांबले, आणि मग सोडली. मी सोडली. तो बाण गोलाच्या खाली लागला, आणि तो कुठे लागला याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नव्हतं. चौथा आणि पाचवा मारून झाले तेव्हा वेळ संपली. सहावा हातातच राहिला.

पाचांतले दोन गोलात. अकरा जणांत मी आठवी आले. बाबा झाडाखाली बसले होते. त्यांनी निकालाचं काही विचारलं नाही, भूक लागली का विचारलं. आम्ही चौघांनी, म्हणजे मावशीही आली होती, बाहेरच्या गाडीवर उभं राहून वडापाव खाल्ला. नवरा मावशीशी वांग्यांबद्दल बोलत होता.

अजूनही दर वीस-पंचवीस बाणांमागे एखादा निसटू बघतो. दोरी गालाशी येण्याआधीच बोटं उघडायला बघतात, आणि ते कधी थांबेल असं मला आता वाटत नाही. तसं झालं की मी दोरी उतरवते, एक श्वास घेते आणि पुन्हा ओढते.