जमादारासाठी आठ फूट

फ्रेमवाल्या वहिनींना काच कळत होती, हीच खरी अडचण होती. तीस वर्षं त्या लोकांच्या फोटोंना फ्रेमा करत आल्या होत्या. पुढे दुकान, मागे कामाची खोली, वर घर. त्यांच्या फ्रेमेत काच इतकी घट्ट बसायची की धुळीचा कणही आत शिरत नसे, आणि हे त्या गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय सोडत नसत.

मासा आणला तो त्यांच्या यजमानांनी. ते बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि आठवड्याभरात पिशवीभर पाण्यातून अंगठ्याएवढा, लांब मिशांचा मासा घेऊन घरी आले. मिशांवरून त्याचं नाव पडलं जमादार.

"टाकी जेवढी, तेवढाच वाढतो. दुकानदारच म्हणाला," यजमानांनी छातीठोकपणे सांगितलं.

दुकानदाराचं हे बोलणं जमादाराच्या कानावर गेलं नसावं. दोन वर्षांत तो हातभर झाला. तीन फुटांच्या टाकीत वळायचं तर त्याला शेपटी दुमडावी लागे. नाक सारखं काचेवर घासून तिथलं कातडं पांढरं पडलं होतं.

"आणलात तुम्ही, आता बघा तुम्हीच," वहिनी म्हणाल्या.

"बघतोच आहे की," यजमान म्हणाले, आणि खरोखरच खुर्ची टाकून बघत बसले.

ते सोललेलं नाक वहिनींना बघवेना. शेवटी त्यांनीच कागद-पेन्सिल घेतली. लांबी आठ फूट, रुंदी तीन, उंची अडीच. तळ आणि तीन बाजू जाड प्लायवूडच्या, त्यावर पाणी आत झिरपू न देणाऱ्या रसायनाचे चार हात, आणि फक्त समोर काच. भरल्यावर पाणीच दीड टनाच्या वर जाणार होतं. मागची खोली तळमजल्यावर होती, म्हणून ती काळजी नव्हती. टाकीला जागा व्हावी म्हणून कामाचं टेबल जिन्याखाली गेलं आणि वहिनी वाकून वाकून फ्रेमा कापू लागल्या.

समोरची जाड काच आणून दिली धाकट्या दिरांनी. दुकानांच्या दर्शनी काचा आणि बाथरूमची पार्टिशनं बसवण्याचा त्यांचा धंदा. चार माणसांनी काच भिंतीला टेकवून ठेवल्यावर ते म्हणाले, "वहिनी, बसवूनच देऊ का?"

"भावजी, काच मला शिकवू नका."

"शिकवत नाही हो. पण तुमची काच फोटो सांभाळते, ही पाणी सांभाळणार."

"काच ती काच!"

भावजींनी चहा घेतला आणि ते निघून गेले.

वहिनींनी चौकटीला आतून काच चिकटवायचं सिलिकॉन लावलं, काच टेकवली आणि शिकंजे आवळून आवळून घट्ट केली. कडेनं बाहेर आलेलं सगळं पुसून घेतलं. रेघ अगदी केसासारखी बारीक राहिली. आठवडाभर सिलिकॉनचा आंबट वास वरच्या खोलीपर्यंत येत होता. आठव्या दिवशी पाइप सोडला. पाणी गुडघ्याएवढं झालं आणि डाव्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला. मग त्याच्या मागून दुसरा.

टाकी रिकामी करायला अर्धा दिवस गेला. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, म्हणून ब्लेडनं कणन् कण खरवडायला तीन दिवस. वहिनींच्या बोटांची सालं निघाली. दुसऱ्या वेळी त्यांनी आणखी दोन शिकंजे लावले. या वेळी पाणी दोन ठिकाणांहून आलं.

"मी काय म्हणतो," यजमान दारातून म्हणाले, "बाहेरून चिकटपट्टी लावली तर?"

वहिनींनी हातातला स्पंज बादलीत असा आपटला की यजमान दारातून दिसेनासे झाले. त्याच दुपारी एक बाई रखडलेल्या फ्रेमेसाठी तिसऱ्यांदा दुकानात आली. "ताई, फ्रेम राहू दे. वडिलांचा फोटो तेवढा परत द्या." तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. वहिनींनी फोटो पुठ्ठ्यात गुंडाळून दिला, दुकानाला कुलूप लावलं आणि भावजी ज्या घरी काम करत होते तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

भावजी बाथरूममध्ये काच बसवत होते. चौकट आणि काच यांच्यामध्ये त्यांनी रबराचे बारके तुकडे ठेवले होते. काच त्यांवर टेकली आणि मध्ये सिलिकॉनचा चांगला जाड थर राहिला. वहिनी बघतच राहिल्या.

"तुम्ही थर किती ठेवला होतात?" भावजींनी विचारलं.

"ठेवला कुठला? दाबून सगळं बाहेर काढलं."

भावजी हसले नाहीत. वहिनींना त्याचाच जास्त राग आला.

"पाण्यानं काच ढकलली जाते, वहिनी. थोडीशीच, पण जाते. सिलिकॉन रबरासारखं ताणतं म्हणून तर धरून ठेवतं. मध्ये काही उरलंच नाही, तर ताणणार काय?"

"हे आधी सांगता नाही आलं?"

"तुम्हीच म्हणालात, शिकवू नका."

घरी परतताना वहिनी रस्ताभर स्वतःलाच बोल लावत होत्या.

तिसऱ्या वेळी रबराचे तुकडे आले, दोन आठवडे थांबणं आलं, आणि पाणी रोज वीतभर भरणं आलं. टाकीखाली कोरा कागद पसरला होता. चार दिवस तो कोरडाच राहिला. आता आपल्याला आनंद होईल म्हणून वहिनी वाट बघत होत्या, पण मनात यायचं ते एवढंच, की एका नखभर थरापायी दीड महिना पाण्यात गेला.

यजमान आणि भावजी, दोघांनी ओल्या चादरीत धरून जमादाराला नव्या टाकीत सोडलं. अर्धा तास तो कोपऱ्यात पडून राहिला. मग निघाला, आठ फूट सरळ गेला, आणि शेपटी न दुमडता सावकाश वळला. यजमानांनी टाळ्याच वाजवल्या.

"एवढ्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "एवढ्याशासाठी केवढा तो खटाटोप."

भावजींनी सांध्यावरून बोट फिरवलं. "झालंय बरोबर." मग त्यांनी वर पाहिलं. "आणि झाकण?"

"कसलं झाकण?"

"हे मासे उडी मारतात, वहिनी. थेट फरशीवर येऊन पडतात."

वहिनींनी यजमानांकडे पाहिलं. यजमान घाईघाईनं माशाकडे बघू लागले. आठ बाय तीनचं उघडं पाणी समोर लखलखत होतं.

वहिनी पेन्सिल दातात धरून, मोजपट्टी घेऊन स्टुलावर चढल्या.

"नुसते उभे काय राहिलात?" त्या यजमानांवर खेकसल्या. "धरा ते टोक."