इंदू शांतपणे गेली नाही

डॉ. इंदू मेश्रामच्या शोकसभेत उभा राहून मी म्हणालो होतो, की ती शांतपणे गेली. समोरच्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तेच छापून आलं. आयुष्यभर लोकांच्या वेदना कमी करणाऱ्या डॉक्टरला वेदनेविना मरण आलं, हे वाचून सगळ्यांना बरंच वाटलं असणार. पण मी तिच्या खाटेशी होतो. इंदू शांतपणे गेली नाही… आणि ती तशी का गेली, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

नागपूरला आम्ही एका वर्गात होतो. ती पांढरकवड्याकडची, मी पुसदचा. मी पुस्तकी मराठी बोलायची धडपड करायचो, ती मुद्दाम वऱ्हाडीतच बोलायची. पुढे मी सर्जन झालो, ती भूलतज्ज्ञ. पेशंटला भूल देताना ती त्याच्या कानाशी वाकून विचारायची, "बाबा, जेवण कोणाच्या हातचं आवडते?" सांगता सांगताच तो झोपी जायचा. मी वैतागून म्हणायचो, "चौकशी झाली असेल तर सुरू करू?" "कर ना. याची सून भरीत चांगलं करते म्हणते. जाऊ एखाद दिवशी."

निवृत्तीनंतर ती गावी परतली आणि बरे न होणाऱ्या रुग्णांच्या घरी जाऊ लागली. अशा रुग्णांच्या सेवेसाठी राज्यानं सल्लागार समिती नेमली, तेव्हा आम्ही दोघंही त्या समितीत होतो. इंदूचं मागणं एकच होतं: प्रशिक्षित नर्सला मॉर्फिनच्या गोळ्या घरी नेऊन देता याव्यात. "गोळी घरी पोचली तर माणूस आपल्या घरी मरते. नाही तर रस्त्यात मरते," ती म्हणाली होती. सगळ्यांना ते पटलं होतं. नियमांचा मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं.

नोकरीत असताना माझ्या वॉर्डातून एकदा मॉर्फिनची इंजेक्शनं गहाळ झाली होती. मी निर्दोष सुटलो, पण चौकशीच्या काळात साहेबाच्या दाराबाहेरच्या बाकावर जे बसलो, ते अंगातून गेलं नाही. त्या भीतीनं मी मसुद्यात एक वाक्य घातलं: केंद्राचा डॉक्टर स्वतः हजर असल्याशिवाय तिथलं औषधाचं कपाट उघडू नये. आमच्या समितीची रीत अशी, की मसुदा सगळ्यांना पाठवायचा आणि मुदतीत हरकत आली नाही, तर तो मंजूर धरायचा. मी तो पाठवला तेव्हा इंदू पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. हे मला माहीत होतं.

बरी होऊन आल्यावर तिनं ते वाचलं. "वसंता, तू रोग्याले नाही भेत, फाइलले भेतं," एवढंच म्हणाली. पुढच्या बैठकीत बदलू, असं मी तिला सांगितलं. बैठका झाल्या. मी विषय काढला नाही.

मग तिचा आजार उलटला. दवाखान्यात जायला तिनं साफ नकार दिला. तिनंच शिकवलेली सविता राठोड, समितीनं गावात सुरू केलेल्या केंद्रातली नर्स, तिची देखभाल करायची. त्या दुपारी मी तिला भेटायला आलो होतो, तेव्हा दुखणं अचानक वाढलं आणि घरातल्या गोळ्या संपल्या. केंद्रातले डॉक्टर नागपूरला प्रशिक्षणाला गेलेले. कपाटाची किल्ली सविताकडे होती.

"सर, आणू का मी?" तिनं दारातून विचारलं.

"डॉक्टरांना फोन लाव," मी म्हणालो.

ते निघतो म्हणाले. इंदूनं ऐकलं होतं. "सविता, तू आपल्या मनानं हात नको लावू. नोकरी जाईल तुही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वसंता… तू सांग ना तिले. तुह्या नावावर आणू दे."

"येतीलच ते आता," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ओरडत होती, थकली की उशीचा अभ्रा दातांत धरत होती. मी तिचं कपाळ पुसत बसलो. दिवेलागणीला डॉक्टर पोचले, तेव्हा ती गेली होती.

शोकसभेत मी खोटं बोललो ते तिच्या माणसांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. गेल्या आठवड्यात समितीची बैठक झाली. ते वाक्य काढावं असं मी सुचवलं. एक सदस्य नम्रपणे म्हणाले, "सर, नियमाची अडचण होत नाही. खुद्द मेश्राम मॅडम याच नियमात शांतपणे गेल्या. आपणच सांगितलं होतं."

ते खोटं आहे, असं मी तिथे म्हणालो. सगळे सहानुभूतीनं पाहू लागले. मैत्रीण गेल्याचा धक्का, असं त्यांना वाटलं असावं. विषय पुढच्या बैठकीवर गेला. म्हणून हे इथे लिहितो आहे, माझ्या नावानं. पुढच्या बैठकीतही हेच वाचीन.

छापायला देण्याआधी काल इंदूच्या घरी सविताला बोलावून हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सर, माह्यं बी लिहा. किल्ली घेऊन मी बी उभीच होती."

"तू विचारलं होतंस," मी म्हणालो. "नाही म्हणणारा मी."

इंदूची खाट अजून भिंतीपासून सरकवलेलीच आहे. रोग्याच्या दोन्ही बाजूंना माणसाला बसता आलं पाहिजे, म्हणून ज्या घरी जाईल तिथली खाट ती आधी ओढून घ्यायची. रिकाम्या खाटेच्या एका बाजूला सविता बसली होती. थोड्या वेळानं मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.