दादांनी न पाहिलेले सिनेमे

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सोनईच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला कांद्यावरच्या फवारणीचं औषध समजावून सांगत होतो. वहिनी, म्हणजे आमच्या अरुणदादांच्या पत्नी, फोनवर फार बोलत नाहीत. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ पलीकडून कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई रडण्याचा आवाज येत राहिला. माझं डोकं चालेना. या कोण बाई, आणि दादांसाठी इतक्या का रडतायत... तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आणि हा टीव्ही कसा बंद करायचा ते सांगा. मला तो रिमोट कळत नाही." मी सांगितलं, वरचं गोल बटन दाबा. ती बाई मध्येच गप्प झाली, आणि नगरला सावेडीतल्या दादांच्या हॉलमधली शांतता मला सोनईत ऐकू आली. सिनेमा बघता बघताच दादा खुर्चीत गेले होते. वहिनी आत चहा टाकत होत्या.

या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. मधल्या काळात दादांबद्दल बरंच छापून आलं, बरंच बोललं गेलं, आणि त्यातलं बरंचसं चांगल्या मनानं बोललं गेलं तरी खरं नव्हतं. ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. म्हणून हे लिहितोय.

अरुणदादा माझे चुलतभाऊ, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. आमच्या घरात कॉलेजात शिकवायला लागलेला पहिला माणूस. नगरच्या कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते. ऊस, कांदा आणि पाण्याची पाळी यापलीकडं ज्या घरात कधी कुणी काही बोललं नाही, त्या घरात सिनेमावर बोलणारा माणूस निघाला याचं आम्हाला भारी अप्रूप. दिवाळीला सोनईला आले की अंगणात बाजेवर बसून सिनेमे सांगायचे. आपल्याकडचे नव्हेत, जपानचे, पोलंडचे, इराणचे. समुद्राकाठी मीठ पिकवणारा माणूस, घोड्यांचा डॉक्टर, दोन बहिणी आणि त्यांचं ओसाड हॉटेल. माझे वडील, म्हणजे आण्णा, सगळं ऐकून विचारायचे, "मंग त्या थोरल्या बहिनीचं पुढं काय झालं रं?" दादा म्हणायचे, "तिथं तसं सांगत नाहीत, आण्णा. आपण समजून घ्यायचं." आण्णा 'व्हय' म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी उसाला पाणी धरताना गड्याला विचारायचे, "तुला काय वाटतं, ती गेली आसंल का घरी परत?"

कॉलेजात दादांनी मुलांसाठी सिनेमाचे वर्ग काढले. पडदा नाही, यंत्र नाही, फळा आणि दादा. खेड्यापाड्यातनं आलेली पोरं वहीत सिनेमे उतरवून घ्यायची. त्यातलीच एक अर्चना. पाथर्डीकडची, घरचे ऊसतोडीला जाणारे. ती दादांचं ऐकून पुढं सिनेमा शिकायला गेली आणि तिनं खरोखर एक सिनेमा काढला. तेव्हापासून नगरमध्ये दादांचं नाव निघालं की लोक आदरानं कानाच्या पाळीला हात लावायचे. सरांनी पाहिला नाही असा सिनेमा नाही, असं बोललं जायचं. आमच्या घरात कुणाचं काही हसण्यासारखं झालं की ते लग्नाकार्यात रंगवून सांगायचं खातं माझ्याकडं आहे. दादांबद्दल सांगताना मात्र मी कधी हसवत नसे. अभिमानानं सांगायचो, आणि थोडं वाढवून.

निवृत्तीनंतर दोन गोष्टी एकदम झाल्या. पुण्याच्या लेकीनं घरी मोठा टीव्ही आणि इंटरनेट बसवून दिलं, आणि साखरेनं दादांचे डोळे नेले. अगदी अंधार नव्हता. माणूस कळायचा, चेहरा कळत नसे. अशा वेळी दादांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर जाड मार्करनं सिनेमांची नावं लिहून काढली आणि मला बोलावून घेतलं. मी माल भरायला नगरला जातोच. तेव्हा त्या दिवशी दुपारी सावेडीला यायचं, टीव्ही लावायचा, आणि खाली इंग्रजीत जी ओळ येते ती वाचून मराठीत सांगायची, असं ठरलं. दादांना चांगलं इंग्रजी येत होतं, पण ओळ दिसत नव्हती. मला ओळ दिसत होती, इंग्रजी मात्र औषधांच्या डब्यांवरचं वाचून तयार झालेलं. एकदा एक आजारी राणी मरताना काहीतरी बोलली, तर मी सांगितलं, "ती म्हनती, मात्रा कमी पडली." दादा पोट धरून हसले. दुसरा एक म्हातारा घर सोडायला तयार नव्हता. मी म्हणालो, "म्हतारा म्हनतो, मला न्हाई यायचं, तुमी जावा." दादांनी विचारलं, "सोनईचा आहे का रे?" मी म्हणालो, "मंग कुठला? सगळीकडं म्हतारे असलेच." शेजारच्या बाईंनी वहिनींना विचारलं, दुपारी खिडक्या लावून हे दोघे काय बघतात? वहिनींनी सांगितलं, भाऊजी ह्यांना वाचून दाखवतात. बाईंना वाटलं पोथी.

यादीतल्या काही नावांभोवती मोठं वर्तुळ होतं. मला वाटलं हे त्यांचे आवडते असणार, पुन्हा पाहायचे. त्यातला पहिला आम्ही लावला तो दोन बहिणींचा. बघता बघता दादा पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "सुभ्या, आता धाकटी जिन्यावरनं उतरेल. तिची शाल लाल आहे ना? मला राखाडी दिसतेय." ही शाल आमच्या घरात सगळ्यांना माहीत. त्या लाल शालीत धाकटीचं सगळं बंड आहे, हे आण्णांनासुद्धा पाठ होतं.  मी म्हणालो, "दादा, सिनेमाच काळापांढरा हाय."

 दादांनी हातानं खूण करून मला सिनेमा थांबवायला लावला. वहिनी चहा ठेवून गेल्या, तो निवला. मग दादांनी सांगितलं. हे सिनेमे नगरला कधी आलेच नव्हते. त्यांनी त्या सिनेमांवर नुसतं वाचलं होतं, मासिकांतून, पुस्तकांतून, मुंबईहून मागवलेल्या पत्रकांतून. तिथं 'जळती शाल' असं कुणीतरी लिहिलेलं होतं, तिला लाल रंग दादांनी दिला. नोकरीत नवीन असताना एका भाषणानंतर कुणी तरी विचारलं, सर, तुम्ही कुठं पाहिलात? तेव्हा तोंडातून 'पुण्याला' असं निघून गेलं. मग पुढं प्रत्येक वेळी 'पुण्याला' हेच उत्तर देत गेले. वर्तुळातले सगळे सिनेमे असे होते, न पाहता शिकवलेले. "परीक्षेत लाल शाल लिहिली नाही तर मी मार्क कापायचो रे," दादा म्हणाले. त्यांचा चेहरा पाहवेना. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, आता बघून टाकू की सगळे, म्हणजे खोटं उरणार नाही. त्यावर त्यांनी विचारलं, "दिसत नाही, तू सांगतोस ते ऐकतो. याला तरी बघितला म्हणायचं का?"

त्यानंतर आमच्या दुपारी बदलल्या. हसणं कमी झालं. दादा वर्तुळातले सिनेमे एकेक करून शाळेच्या शिक्षेसारखे पुरे करत होते. मिठागरवाल्याच्या सिनेमात शेवटी बैल मरतो, असं ते शिकवत आले होते. बैल मरत नाही, विकला जातो. प्रत्येक वेळी असं काही निघालं की ते मान खाली घालायचे, आणि मला वाटायचं की आपण नीट वाचलं नसेल, आपलंच इंग्रजी कच्चं. तसं मी म्हणूनही पाहिलं. ते म्हणाले, मला वाचवू नकोस.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजनं अर्चनाच्या हस्ते दादांचा सत्कार ठरवला. दादांनी मला आणि वहिनींना सांगितलं की मी तिथं खरं सांगणार आहे. वहिनी म्हणाल्या, या वयात काय मिळणार सांगून? आणि त्या पोरीला काय वाटेल? दादा म्हणाले, "तिला चुकीचं शिकवलंय मी. तिच्यासमोरच सांगायला पाहिजे." त्यांना दुसरं काही नको होतं. शाल नको, श्रीफळ नको. एकदा लोकांनी ते ऐकून घ्यावं, एवढंच.

हॉल भरलेला होता. मी पुढच्या रांगेत. दादांना हाताला धरून माइकपाशी नेलं. शब्द स्वच्छ होते. "अर्चना म्हणते, मी तिला सिनेमा बघायला शिकवलं. मी ज्या सिनेमांवर तुम्हाला शिकवलं, त्यातले कितीतरी मी पाहिलेले नव्हते. वाचून बोलत होतो. ती शाल लाल नाही."  तेवढ्यात व्यासपीठावरून एक टाळी वाजली, तिच्यामागं आणखी, आणि बघता बघता अख्खा हॉल टाळ्या वाजवू लागला. अध्यक्ष माइक ओढून म्हणाले, किती हा विनय, खऱ्या अभ्यासकाला आपण काहीच पाहिलं नाही असंच वाटत असतं. दादा पुन्हा म्हणाले, "अहो, खरंच नाही पाहिले." लोक प्रेमानं हसले. आणि मी... मीही टाळ्या वाजवत होतो. हात आपोआप वाजले म्हणू शकतो, पण ते तसं नव्हतं. घराची अब्रू वाचली, असं वाटून मला बरं वाटलं होतं.

रिक्षा प्रोफेसर कॉलनी चौकात आली. दादा म्हणाले, "तूही टाळ्या वाजवल्यास." मी म्हणालो, सगळेच वाजवत होते. "सगळ्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." थोड्या वेळानं, रागानं नाही, दमल्यासारखं म्हणाले, "तुझं लोक ऐकतात रे. कधी तरी तू सांग."

मी हो म्हणालो. दादा असेपर्यंत सांगितलं नाही. ते गेल्यावर शोकसभा झाली, त्याच हॉलमध्ये. एका वक्त्यानं लाल शालीवर सुंदर बोलून घेतलं. मग घरच्यांतर्फे मला बोलावलं. मी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. उभा राहिलो, समोर दादांचा फोटो, हार, पांढऱ्या साड्यांतल्या आत्या... आणि मी ती 'मात्रा कमी पडली'ची गोष्ट सांगितली. मग सोनईच्या म्हाताऱ्याची. लोक डोळे पुसता पुसता हसले. बाहेर पडताना दोघा-तिघांनी हात धरून सांगितलं, फार छान बोललात. मी सगळ्यांना नमस्कार केला. चपला सापडत नव्हत्या, तेवढं विचारायला सुद्धा कुणाच्या तोंडाकडं बघायची मला लाज वाटत होती.

घरी येऊन अर्चनाला फोन केला. निदान एकीला तरी नीट सांगावं म्हणून. सगळं सांगितलं, शाल, बैल, पुणे.  ती म्हणाली, "काका, मला माहीत होतं. शिकायला गेले त्या पहिल्याच वर्षी तो दोन बहिणींचा सिनेमा दाखवला होता आम्हाला." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "सत्काराच्या दिवशी सर बोलायला लागले तेव्हा मला वाटलं, आता यांची फजिती होणार, लोक काय म्हणतील. म्हणून मी लगेच टाळी वाजवली. पहिली टाळी माझी होती." तिच्या मागं कुठं तरी गाड्यांचे आवाज होते. "ते मला सांगत होते, काका. आणि मी त्यांना बोलू दिलं नाही."  शेवटी तिनंच म्हटलं, तुम्ही लिहा.

वहिनींना विचारलं. त्यांनी थोडा विचार करून सांगितलं, लिहा, पण हसवू नका. वर दोन-चार ठिकाणी ते पाळलं गेलेलं नाही, त्याबद्दल त्यांनी मला माफ करावं. बाकी जे सांगायचं ते इथं सांगितलं: माझे भाऊ अरुणदादा यांनी ते सिनेमे पाहिले नव्हते. त्यांनी स्वतः ते सांगितलं होतं. तो विनय नव्हता.

मी अजून सावेडीला जातो. वहिनी दार उघडतात आणि चहाला आत जातात. टीव्हीसमोर हातभर अंतरावर एक बुटकं स्टूल आहे. शेवटच्या महिन्यांत दादा रिमोट चाचपून स्वतःच टीव्ही लावायचे आणि मधूनच खुर्ची सोडून त्यावर जाऊन बसायचे, पडद्याला नाक लावल्यासारखे. वहिनी झाडताना ते भिंतीला सरकवतात आणि झाडून झालं की परत आणून ठेवतात. मी त्यावर बसतो. परवा बसल्यावर माझ्या लक्षात आलं की वर्षभर दादांच्या शेजारी बसून मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. मी खालची ओळ वाचत होतो. वर काय चाललं होतं, कोण कसं उभं होतं, बहिणींच्या हॉटेलाला खिडक्या किती होत्या, विचारलं तर सांगता येणार नाही. आणि काल दुकानात एका पोरानं विचारलं, काका, तुम्ही सरांबरोबर ते सगळे सिनेमे पाहिले असतील ना? तर मी हो म्हणून बसलो.

आता मी यादीतले सिनेमे पुन्हा लावतो, आणि ती खालची ओळ बंद करून ठेवली आहे. माणसं काय बोलतात ते कळत नाही. वहिनी चहा घेऊन येतात, थोडं टेकतात, विचारतात, ती काय म्हणते? मी म्हणतो, मला नाही माहीत, वहिनी. मग आम्ही दोघं बघत बसतो.