साहेबांचे हुद्दे, जपानीत

एकेका शब्दावरून भांडणारी माणसं रोज एकत्र बसली की किस्से साचत जातात, बोडीत पाणी साचावं तसे. आमचेही साचले. मी पुण्याच्या कंपनीत जपानी दुभाषी होते, आता अर्जुनी मोरगावला घरून काम करते. हेमराजकाका सरकारी रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेले. तिसऱ्या मोरी-सान, ओसाकाच्या संपादक, व्हिडिओ कॉलवर. आमच्याकडच्या तलावांचे इंग्रजांच्या वेळचे कागद जपानीत आणायचे, हे काम.

सुरुवातच व्हाइसरॉयपासून झाली. जपानीत 'फुकुओ', म्हणजे उपराजा.

काका म्हणाले, "म्हंजे राजा सुट्टीवर गेला का चार्ज घेनारा?"

मी हसत ते मोरी-सानना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तळटिपेत घ्या. वाचकाला नेमकं कळेल."

चाळीस पानं झाली आणि काका एका ओळीवर थांबले. तलावाचं पाणी सोडा म्हणून धानवाल्यांनी केलेला अर्ज होता. वर नुसतं 'डी. सी.' मी ते 'डिस्ट्रिक्ट कलेक्टर' धरून जपानीत 'करवसुली अधिकारी' लिहीत आले होते.

"हा कलेक्टर नोहोय पोरी. आपल्याकडं तवा डिप्टी कमिश्नर राहे. तू कलेक्टर काऊन करून राहिली?"

भाषांतराचा हप्ता दुसऱ्या दिवशी सकाळी ओसाकाला जायचा होता. मोरी-सानना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "आणखी कुठे कुठे धरून चालला आहात?"

काकांनी पहिलं पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवलं. हप्ता थांबवून तीन दिवस आम्ही तेच केलं.

गव्हर्नरच्या नावाआधी 'हिज एक्सलन्सी' आलं, तेव्हा एक वेगळाच घोळ उघडा पडला. जपानीत त्याला 'काक्का' म्हणतात. मोरी-सान दोन महिने प्रत्येक कॉलला काकांना वाकून नमस्कार का करत होत्या, ते तेव्हा कळलं. मी सारखी "काका, काका" करत होते!

काका म्हणाले, "सांगू नोको. राहू दे तसंच."

हिवाळ्यात मोरी-सान नवेगाव बांधचा तलाव पाहायला आल्या. सोबत किम-सान, पुस्तक छापायचं की नाही हे ठरवणाऱ्या. वयस्कर बाई, कोरियन आईबापांच्या पोटी ओसाकात वाढलेल्या. तलावाच्या पाळीवर बसून मी एक हुकूम वाचायला घेतला. गव्हर्नर जनरलसाठी कोशातला शब्द 'सोतोकु'. मी तो उच्चारला आणि किम-सानांनी हात वर केला.

मोरी-सानांचा चेहरा उतरला. जपानने कोरियावर बसवलेल्या साहेबाचा हुद्दाही सोतोकुच होता, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मला वाटलं, काम इथंच संपलं.

किम-सान काकांकडे वळल्या. "तुमची माणसं त्याला काय म्हणत?"

"लाटसाहेब."

"आणि तो ऐकत नसताना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सांगू का वं?"

"सांगा."

त्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडची शिवी सांगितली. माझे कान तापले, पण मी शब्दाला शब्द ठेवून ती जपानीत केली.

किम-सानांनी पेन काढलं. 'सोतोकु' खोडलं नाही. शेजारी समासात कोरियन लिपीत एकच शब्द लिहिला आणि पान मोरी-सानांकडे सरकवलं.

"याचा अर्थ?" मोरी-सानांनी हळूच विचारलं.

किम-सानांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं आत्ताच सांगितला."