लोरेन पळाली तेव्हा

लोरेन थॉरोगूड उगाच जागची हलत नाही, हे लंडनमधल्या प्रत्येक कॅमेरावाल्याला माहीत होतं. ज्याला माहीत नसेल तो एक तर नवा, नाहीतर झोपलेला. एकदा एक मंत्री मागच्या दाराने सटकणार अशी आवई उठली, सगळी फौज गल्लीत धावली, आणि ही बाई पुढच्या दाराशी चिप्स खात उभी. मंत्री आला कुठून? पुढच्याच दारातून. बाकीच्यांना नुसती गल्ली मिळाली.

लंडनच्या पूर्व टोकाच्या डॅगनमची पोरगी ती. बाप मोटारीच्या कारखान्यात दारं बसवायचा. थॉरोगूडांच्या घरात मागे सरायची रीतच नाही. ती कॅमेऱ्याच्या धंद्यात शिरली तेव्हा बाई म्हणून एकटीच. पहिल्या दिवशी एक मिशाळ गडी म्हणाला, "पोरी, कॅमेऱ्याची तिवई उचलवेल का तुला? की मी येऊ मदतीला?" तिने एका हाताने तिवई खांद्यावर टाकली, दुसऱ्या हाताने त्याचा चहाचा मग उचलला, घोटभर पिऊन परत ठेवला. "साखर कमी आहे," म्हणाली आणि गेली. पुढे तोच गडी तिच्यासाठी जागा धरून ठेवायला लागला. गर्दीच्या डोक्यावरून टिपायला शिडीवर चढावं लागतं; तिथे तोल कसा सांभाळायचा ते तिला तिच्या थोरल्या भावाने शिकवलं, परसातल्या नासपतीच्या झाडावर. हेही लिहून ठेवायला हरकत नाही.

आता ते राजघराण्यातलं बाळंतपण.

पश्चिम लंडनच्या एका इस्पितळासमोर सगळ्या जगाची चॅनेलं येऊन पडली होती. फुटपाथवर ज्याने त्याने चिकटपट्टी लावून आपापला चौकोन आखलेला, त्यावर चॅनेलचं नाव. शिड्या रेलिंगला साखळीने बांधलेल्या. चौकोन म्हणजे चौकोन, दुसऱ्याच्या पट्टीवर पाय पडला तर मारामारीची वेळ. लोरेनचा चौकोन दारासमोर अगदी मधोमध. आधी आली होती ती, कुणाच्या वशिल्याने नाही.

ऊन असं की डांबर मऊ झालेलं. आणि बातमी काय? काही नाही. पण चॅनेलला 'काही नाही' चालत नाही. तिचा बातमीदार टोबी, चांगल्या शाळेतलं गोरंगोमटं पोरगं, दर थोड्या वेळाने माइक घेऊन उभा राहायचा. "अजून काही घडलेलं नाही, पण कधीही घडू शकतं!" मग झेंडे घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचा, मुलगा होईल की मुलगी. मग वजनाचा अंदाज. मग नावांचा. मग परत, अजून काही घडलेलं नाही.

"टोबी," लोरेन शिडीवरून म्हणाली, "तू काहीच न बोलता किती बोलतोस रे."

"त्याचाच पगार आहे, लोरेन."

"मग तुला वाढ मिळायला हवी."

त्या धंद्यात एक खोड आहे. कुणी कुणाला विचारत नाही. विचारलं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल केलं. म्हणून सगळे शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याकडे बघत असतात. एकाने वर उचलला की रांगेतले सगळे उचलतात. एक पळाला की सगळे पळतात, आणि कशामागे पळतोय ते पळता पळता शोधतात. सकाळी एक नर्स नुसती सिगारेट ओढायला पायऱ्यांवर आली, तर निम्म्या जगात पडद्यावर लाल पट्टी फिरली: इस्पितळात हालचाल.

दुपारी दार उघडलं आणि एक तरुण माणूस बाहेर आला. हातात बाळाची खुर्ची, ती गाडीत बसवायची असते ना, ती. तिच्यावर पिवळी बदकं. झेंडेवाल्यांनी टाळ्या पिटल्या. कॅमेरे उठले, लोरेनचाही उठला. हात आपोआप जातो. टोबी लाइव्ह होता. "आणि हे बघा, आणखी एक आनंदी बाप!"

त्या माणसाने पोलिसाला काहीतरी विचारलं. पोलिसाने मान हलवली, बाजूचं फाटक बंदोबस्तामुळे बंद, जायचं तर पुढूनच. तो वळला आणि लोरेनच्या शिडीशी येऊन थांबला. तिची शिडीच सगळ्यात जवळ होती. खुर्ची रिकामी आहे हे तिने तेव्हा पाहिलं. त्याचा चेहराही तेव्हाच पाहिला.

तिने कॅमेऱ्याचा आवाजाचा खटका पाडला, भिंग दुसरीकडे वळवलं आणि खाली वाकली.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आम्ही घरी जायला निघालोय. मी आणि बायको. बाळ... बाळ नाहीये आता. पहाटेच. जरा तेवढं... तिच्यावर नका धरू हे. ती माझ्यामागून येत होती, टाळ्या ऐकून जिन्यातच बसलीय."

लोरेनने रस्त्याकडे नजर टाकली. "गाडी कुठाय?"

"कोपऱ्यावर. मेव्हणा थांबलाय."

"वर जा. काचेतून माझ्याकडे बघत राहा. मी शिडीवरून उतरून पळाले की तिला घेऊन खाली ये. दमाने या, घाई नको. कुणी तुमच्याकडे बघणार नाही."

"कशावरून?"

"मी थॉरोगूड आहे म्हणून. जा आता."

त्या बापाचं नाव इथे लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. कुणी विचारूही नये.

तो आत गेला आणि लोरेनच्या कानातल्या यंत्रात आवाज आला. व्हेरिटी, स्टुडिओतली मोठी बाई, सगळ्या चित्रांवर तिचाच हुकूम. "लोरेन, तो खुर्चीवाला गोड होता! आता बायको-बाळाला घेऊन येईल. पायरीवरच गाठा त्यांना. टोबी लाइव्ह अभिनंदन करेल. राजाच्या घरचं होईपर्यंत साध्या घरचं दाखवू. बाकीची चॅनेलंही तेच करतील, मला आपण पहिले हवेत."

"नको," लोरेन म्हणाली.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको."

"कारण?"

कारण तिच्या जिभेवर होतं. पण ती बोलली असती तर स्टुडिओतल्या वीस कानांनी ऐकलं असतं, आणि मग? मग तीच बातमी झाली असती. एकीकडे राजाचा पाळणा, दुसरीकडे रिकामी खुर्ची. व्हेरिटीने रडवेल्या संगीतासकट दिवसभर चालवली असती. लोरेन या धंद्यात इतकी वर्षं काढून तेवढं जाणून होती.

"कारण मी सांगत नाही," ती म्हणाली.

"ऐक. तुझा रोजचा करार आहे. उद्या बोलवायचं की नाही ते मी ठरवते. ते दार सोडलंस तर परत या चॅनेलचा कॅमेरा हातात मिळणार नाही."

टोबी खालून कुजबुजला, "लोरेन, अगं हो म्हण ना. काय बिघडतंय?"

दाराच्या काचेमागे तो माणूस दिसला, त्याच्या खांद्याला टेकलेली बायको दिसली. रांगेतले कॅमेरे दाराकडे वळायला लागले होते.

लोरेनने कॅमेरा तिवईवरून उपसला, शिडीवरून उडी टाकली आणि पळत सुटली. छप्पन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे, खांद्यावर ते ओझं. इस्पितळाला वळसा घालून मागच्या लोखंडी फाटकाकडे, जीव खाऊन.

क्षणभर रांग नुसती बघत राहिली. मग कुणीतरी ओरडलं, "लोरेन पळाली!"

बस्स. जन्मभर जी उगाच हलली नाही ती पळाली, म्हणजे काहीतरी आहेच. शिड्या पडल्या, तिवया पडल्या, चिकटपट्टीचे चौकोन तुडवले गेले. जपानी पळाले, अमेरिकन पळाले, टोबी माइकची तार ओढत पळाला. झेंडेवाल्या म्हाताऱ्यासुद्धा घडीच्या खुर्च्या काखेत मारून दुडुदुडु निघाल्या. मागच्या फाटकाशी सगळ्यांनी धापा टाकत कॅमेरे रोखले आणि जगभरच्या पडद्यांवर लाल पट्टी फिरली: मागच्या दाराशी मोठी हालचाल.

हालचाल कसली! कुलूप लावलेलं फाटक, धोब्याची एक गाडी, आणि भिंतीवर पाय चाटत बसलेलं मांजर.

लोरेन इस्पितळाच्या कोपऱ्यावर, पुढच्या दाराकडे तोंड वळवून उभी होती. दमाने, घाई न करता, दोघं पायऱ्या उतरताना तिने पाहिली. खुर्ची त्याने कोटाखाली झाकली होती. गाडीचं दार लागलं. गाडी गेली.

आणि देवाची करणी अशी, की त्याच घडीला राजवाड्याने कळवलं: मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. एवढ्या दिवसांची चिकाटी, एवढी आखलेली जागा, आणि ती घोषणा झाली तेव्हा सगळ्या जगाने काय पाहिलं? एक मांजर.

व्हेरिटी कानात किंचाळत होती. "तुला कुणी सांगितलं तिकडे काही आहे म्हणून?"

"कुणीच नाही. मी पळाले. बाकीचे का पळाले ते त्यांना विचारा."

रात्री व्हेरिटी थोडी निवळली. फोन आला, की लेखी माफी दे, म्हण अंदाज चुकला, उन्हाने डोकं फिरलं, उद्या ये. तोवर सगळ्या धंद्यात बोभाटा झालेलाच होता: म्हातारी झाली लोरेन, गेली तिची नजर. ज्या नावावर ती तीस वर्षं जगली ते एका धावेत गेलं. खरं कारण सांगितलं असतं तर नाव परत आलं असतं. तिने सांगितलं नाही.

"माफी कुणाची मागू?" ती फोनवर म्हणाली. "त्या मांजराची?" आणि ठेवून दिला.

सकाळी ती शिडी न्यायला गेली. कुणीतरी ती उभी करून वर चढून बसलेला.

"उतर," ती म्हणाली. तो उतरला. नाव गेलं तरी आवाज होताच की.

तो जुना मिशाळ गडी, आता मिशा पांढऱ्या झालेला, जवळ आला. "लोरेन, आपल्यातलं आपल्यात. काल काय दिसलं होतं गं तुला?"

तिने साखळीचं कुलूप काढलं, शिडी खांद्यावर घेतली.

"तुम्हाला काही दिसलं का?"

"छे. कुणालाच काही नाही दिसलं."

"मग झालं तर," लोरेन म्हणाली, आणि रस्त्याच्या मधोमध, शिडी कुणाला लागते का ते न बघता, डॅगनमच्या गाडीकडे चालू लागली.