पुण्यात केलेलं इंजिन

लातूरला मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. क्लास चांगला चालायला लागला तेव्हा हैदराबादहून एक जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतली. दोन माणसांची, उघड्या टपाची. दिसायला देखणी, पण चढ आला की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे. लातुरातले गॅरेजवाले हात लावेनात. एकानं कंधारच्या एका मिस्त्रींचा पत्ता दिला. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, पत्र्याचं शेड, बहुतेक काम ट्रॅक्टरचं.

त्यांनी इंजिन चालू केलं, थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं.

"जान हाय सर ह्याच्यात. पण दम घेता येईना त्याला."

पुढे चार महिने मी दर रविवारी कंधारला गेलो. त्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. हवा आत जायच्या वाटा आतून खडबडीत होत्या, त्या हातानं घासून गुळगुळीत केल्या. चार सिलिंडरच्या वर हेडमध्ये चार पोकळ्या असतात, त्या सगळ्या एका मापाच्या हव्यात, असं त्यांचं म्हणणं. "तुमच्या लॅबात ती तोटीची काचेची नळी असती बघा, ती आणा." मी ओळखीच्या कॉलेजमधून ब्युरेट मागून नेली. पोकळीवर भोक पाडलेली काच ठेवायची, थेंब थेंब रॉकेल सोडायचं, जिथं कमी मावेल तिथं थोडं घासायचं, पुन्हा मोजायचं. चारही सारख्या झाल्यावर हेडचा तळ किंचित खरडून काँप्रेशन, म्हणजे आतल्या हवेवरचा दाब, वाढवलं. वीस वर्षं मी काँप्रेशन रेशो फळ्यावर लिहीत आलो होतो. तो असतो काय, ते त्या शेडमध्ये कळलं.

धूर बाहेर टाकणाऱ्या चार नळ्याही त्यांनीच वाकवून, वेल्डिंग करून बसवल्या. गाडी रस्त्यावर काढली आणि लोह्याकडचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मी लहान पोरासारखा ओरडलो. मिस्त्री म्हणाले, "हळू सर, नवीन हाय अजून."

त्याच हिवाळ्यात नांदेडला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. मिस्त्री सोबत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पुण्याहून आलेले एक गृहस्थ, स्वतःच्या सात-आठ जुन्या गाड्या असलेले, आमच्या गाडीपाशी थांबले. बॉनेट उघडायला सांगितलं, इंजिन चालू करायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं.

"वा! हेडचं काम कुणी केलं?"

मिस्त्री माझ्या शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "पुण्यात करून घेतलं."

का म्हणालो? कंधार म्हटलं तर ते हसतील, असं वाटलं. एवढंच. दुसरं कारण शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

"पुण्यात कुणाकडे?"

"आहेत एक ओळखीचे."

त्यांनी मिस्त्रींकडे पाहिलं. "आणि हे?"

"हे गाडीसोबत असतात."

मिस्त्रींनी बॉनेट हळूच खाली घेतलं आणि फडक्यानं बोटांचे ठसे पुसले.

परतीच्या वाटेवर ते फक्त एकदा बोलले. लोह्याच्या फाट्यावर म्हणाले, "इथंच सोडा सर. कंधारला जीप भेटती." मी आग्रह केला नाही. शेजारची जागा रिकामी झाल्यावर मला बरं वाटलं, ही आणखी एक लाज.

दोन महिने मी तिकडे फिरकलो नाही. मग एका रविवारी गेलो. ते ट्रॅक्टरखाली होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मिस्त्री, माझं चुकलं. माफ करा."

ते बाहेर आले, हात पुसत राहिले. "घरी सांगून आलो होतो सर, पुण्याचे लोक काम बघणार हायत म्हणून. बायकोनं इचारलं, काय म्हणले? मी म्हणलो, लई चांगलं म्हणले. खोटं न्हाई ते. चांगलंच म्हणले की."

मला तिथं उभं राहवेना. मी खिशातून फोन काढला, प्रदर्शनात कार्ड देऊन गेलेल्या त्या पुण्याच्या गृहस्थांना लावला आणि मिस्त्रींसमोरच खरं काय ते सांगितलं. पलीकडून ते म्हणाले, "अहो, तेव्हाच सांगायचं ना! तुम्ही सांगितलेला पुण्यातला माणूस मी महिनाभर शोधला. शेवटी माझी दोन इंजिनं चेन्नईला पाठवली."

फोन ठेवला. मिस्त्री बघत होते. मी त्यांना शब्दन् शब्द सांगितलं.

"चेन्नईला?" ते म्हणाले. "लई लांब की."

मग पाना उचलून ट्रॅक्टरकडे वळले. "बसा सर. ह्येला आज रानात जायचं हाय, आधी ह्ये करतो."

मी स्टुलावर बसलो. ते मागतील तो पाना त्यांच्या हातात देत राहिलो.